बनूअक्काचं पान

कुंडलमध्ये कुणाला वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा असला की तो माझ्याकडं येतो. मेलेल्या माणसाचा लावायचा असला तरी माझ्याकडंच येतो. वीस वर्षं झाली या धंद्यात, बिरदेव फ्लेक्सवाला म्हणून पलूसपर्यंत लोक ओळखतात. एक गोष्ट मी पार कोळून प्यायलोय. लोक फ्लेक्स वाचत नाहीत, नुसता फोटो बघतात. तरण्या पोराचा गॉगल लावलेला फोटो म्हणजे वाढदिवस, आणि डोक्यावर पदर घेतलेल्या म्हातारीचा एकटीचा फोटो म्हणजे म्हातारी गेली. खाली काय लिहिलंय ते बघायला गाडीचा ब्रेक कोण दाबतो?

एवढी अक्कल असूनही मी जे करायला नको होतं तेच केलं. म्हणून आधीच सांगून टाकतो, चूक माझीच. शिव्या मात्र मी सगळ्या दुनियेला दिल्या.

मी कादंबरी लिहिली. हसू नका. गावानं हसून झालंय. कृष्णात म्हणून माझा मित्र आहे, तोच माझे फ्लेक्स चढवतो. तो म्हणाला, "गड्या, तुज्या फ्लेक्सवर चार वळीत तीन चुका असत्यात, आन् कादंबरी कसली लिवतोस?" पण गोष्ट माझी नव्हतीच. गोष्ट होती माझ्या आत्तीची, धोंडुबाईची.

आम्ही मूळचे जतच्या पलीकडचे, मेंढरंवाले. वडिलांनी मेंढरं विकली आणि कुंडलला येऊन राहिले. आत्ती मात्र गावाकडंच राहिली, तिच्या मुलाजवळ, मल्हारजवळ. पूर्वी दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन पार कोयनेच्या घाटापर्यंत चालत जायची. सदुसष्ट साली डिसेंबरात कोयनानगरला भूकंप झाला, तेव्हा आमचा तळ तिथंच पडला होता. तळावर आजोबा, माझे वडील नाथाजी, तेरा वर्षांची धोंडुआत्ती आणि तिची थोरली बहीण बनू. आमच्या भागात कानडीच्या शेजारानं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून ती बनूअक्का. त्या भूकंपात बनूअक्का गेली. घरात आम्हाला एवढंच माहीत. वडिलांसमोर तिचं नाव काढलं तर ते ताटावरून उठून जायचे.

वडील वारले, त्याला वर्ष झाल्यावर आत्ती मला म्हणाली, "बिरदेवा, तू लोकांचं लय लिवतोस. माजं येक लिव."

मग मी दर रविवारी अडीच तास गाडी मारत गावाकडं जायचो. आत्तीला लिहिता-वाचता येत नाही. ती गहू निवडत बोलायची, मी वहीत लिहायचो. काय बोलायची! त्या संध्याकाळी मेंढरं खाली बसेनात, तिनं बापाला सांगितलं, बापानं तिला गप केलं. गार वारं सुटलेलं, म्हणून बनूअक्का कोकरं घेऊन एका गोदामाच्या भिंतीच्या आडोशाला निजायला गेली. आणि पहाटे जमीन हलली. भिंत पडली.

तिथं आत्ती थांबली.

"मग फुडं?" मी विचारलं.

"फुडचं आता न्हाई. हितवर लिवून आण आन् मला वाचून दाव. तू कसं लिवतोस ते बगती. मग शेवटचं सांगती."

"अगं, सांग की आत्ताच."

"न्हाई. आदी वाचून दाव. छापायच्या आदी. आन बिरोबाची."

तिनं देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी पुढं केली. आमच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे शब्द. माणूस कोर्टात खोटं बोलेल, भंडारा हातात घेऊन बोलणार नाही. मी चिमूट उचलली, कपाळाला लावली, म्हणालो, "छापायच्या आदी तुला वाचून दावीन."

निघताना ती गाडीपर्यंत आली. म्हणाली, "बुक लय गावात गेलं पायजे. कराड, पाटण, कोयना, चिपळूण. तिकडं लय गेलं पायजे."

"काय गं आत्ती, फेमस व्हायचंय व्हय?" मी म्हटलं.

ती काही हसली नाही. मला वाटलं, म्हातारी लाजली.

मी लिहीत गेलो, भिंत पडली तिथपर्यंत आलो. आता वही घेऊन गावाकडं जायचं आणि वाचून दाखवायचं, एवढंच उरलं होतं. आणि तेवढ्यात लालासाहेबांचा होकार आला. माजी सभापती, त्यांचे दहा वर्षांचे वाढदिवस मीच छापलेत. प्रकाशनाला या म्हणून मी त्यांच्या मागं लागलो होतो. ते म्हणाले, "येत्या वीस तारखेला मोकळा हाय. पुढं निवडणूक लागली की मला विचारू नकोस."

सांगलीचा छापखानावाला म्हणाला, वीसला पुस्तक पाहिजे तर चार दिवसांत मजकूर द्या. प्रकाशकांनी आधीच हात वर केले होते, सगळं माझ्याच डोक्यावर होतं. मी विचार केला, शेवट तो काय असणार? बनूअक्का गेली, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मी एका बैठकीत शेवट लिहिला. भिंत उचलली, खाली बनूअक्का, कुशीत दोन कोकरं जिवंत. स्वतःचं लिखाण वाचून स्वतःच रडलो, यावरून काय ते ओळखा. आत्तीला प्रकाशन झाल्यावर वाचून दाखवू, असं ठरवून टाकलं. बिरोबा काय कॅलेंडर घेऊन बसलाय?

त्याच आठवड्यात मल्हारचा फोन आला. "दादा, आईला ताप भरलाय. सारकी तुजं नाव घ्याय लागलीया."

"वीस तारीख होऊ दे, एकवीसला येतो," मी म्हणालो.

वीस तारखेला लालासाहेब तीन तास उशिरा आले. सांगलीच्या हॉलमध्ये तोवर चहा संपला, माणसंही संपत आली. त्यांनी अर्धा तास स्वतःच्या संघर्षाबद्दल भाषण केलं आणि शेवटी "बिरदेवच्या या कवितासंग्रहाला शुभेच्छा" म्हणून निघून गेले. मी फेटा बांधून उभा होतो, टाळ्या वाजवत होतो. माझ्या घरातली मागच्या खुर्चीवरून माझ्याकडं नुसती बघत होती.

एकवीसला मी गावाकडं गेलो नाही. एका पेपरवाल्यानं परीक्षण छापतो म्हणून बोलावलं होतं. छापलं त्यानं, माझ्याच मलपृष्ठावरचा मजकूर, एक शब्द न बदलता.

आणि मग सुरू झालं ते पुस्तक खपवायचं येड. ज्यानं स्वतःच्या पैशानं पुस्तक छापलंय त्यालाच त्याचं दुःख कळेल. पाचशे प्रती. घरात दिवाणाखाली पुस्तकं, दुकानात शाईच्या डब्यांमागं पुस्तकं, गाडीच्या डिकीत पुस्तकं. साताऱ्याच्या एका दुकानदाराला विकायला दहा प्रती दिल्या. सहा महिन्यांनी गेलो तर म्हणाला, "बरं झालं आलात, घेऊन जावा. जागा अडलीया." शिरवळला हायवेवरच्या ढाब्यात गल्ल्याशेजारी पुस्तकं मांडली. मालक भला माणूस, पण गिऱ्हाईक त्यावर ओलं हेल्मेट ठेवायचं. मी प्रत्येक वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक कादंबरी फुकट द्यायला लागलो, तर कृष्णात म्हणाला, "एक पोरगं म्हणालं, कादंबरी नगं, फ्लेक्स अर्धा फूट वाढवून दे." एका मेळाव्यात "हार-गुच्छ नको, पुस्तक द्या" म्हणून चाळीस प्रती सत्काराला दिल्या. कार्यक्रम संपल्यावर बघतो तर स्पीकर उंच करायला त्याच्याखाली सात-आठ प्रती रचलेल्या. मी त्या उपसून काढल्या, स्पीकर आडवा झाला, मांडववाल्याशी माझी हातघाई झाली.

लोक पुस्तक घ्यायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे, स्टेटसला ठेवायचे. वाचायचं मात्र कुणी नाही. अहो, माझ्या घरातलीनंसुद्धा वाचलं नाही. म्हणाली, "आवं, तुमी आत्तीला वाचून दावल्याबिगर मी हात लावणार न्हाई." तिला भंडाऱ्याचं माहीत होतं.

या सगळ्या गडबडीत आत्तीच्या तापानं तिचे कान नेले. आधी मोठ्यानं बोललं तर कळायचं, मग तेही जाईना. मल्हार तिला मिरजेला डॉक्टरकडं घेऊन गेला. नस गेलीय, मशीन लावून उपयोग नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. मला फोनवर हे कळलं तेव्हा मी कराडच्या एका पुस्तक प्रदर्शनात मोकळ्या टेबलामागं बसलो होतो. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्या पाठोपाठ मनात आलं, आता घाई कशाला? आता काय वाचून दाखवायचं? हे मनात आलं ते मी लपवत नाही. आज आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दीड वर्ष गेलं. दिवाणाखालची पुस्तकं काही हलेनात. मग माझ्या डोक्यात आलं की लोकांना पुस्तक नको असतं, माणूस पाहिजे असतो. आपण आत्तीचाच फोटो लावू. तिचा एक जुना फोटो माझ्याकडं होता, डोक्यावर पदर, कपाळावर भंडारा, नजर सरळ. मी फ्लेक्स केला. नवी चौकट आखायचा कंटाळा आला, म्हणून कॉम्प्युटरवर पडलेली तयार घेतली. फोटोभोवती फुलं, खाली दोन समया. आता ती चौकट कशासाठी तयार पडलेली असते, हे मला कुणी सांगायला पाहिजे का? खाली लिहिलं, "हिची कहाणी प्रत्येकानं वाचलीच पाहिजे." कृष्णातनं एक आमच्या गावच्या फाट्यावर लावला, एक जतला बाजारतळाजवळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मल्हारचा फोन.

"दादा, काय केलंस रं ह्ये? आई जिती हाय! चुलीम्होरं बसून च्या प्याय लागलीया, आन् लोक रडत याय लागल्यात!"

मी मोबाईल बघितला. पाव्हण्यांच्या ग्रुपवर माझाच फ्लेक्स फिरत होता, खाली ओळीनं भावपूर्ण श्रद्धांजली. वाहिलेल्या होत्या त्यांनीच, ज्यांच्या घरी माझं पुस्तक दीड वर्ष पडून होतं.

मी तसाच निघालो. पोचलो तेव्हा अंगणात पन्नास-साठ माणसं होती. लांबचे पाव्हणे कडू घास घेऊन आले होते. माणूस गेल्यावर त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून पाव्हणे भाकरी-पिठलं करून आणतात, तो कडू घास. फडक्यात बांधलेल्या भाकरीच्या चळती ओट्यावर, आणि जिच्यासाठी आणल्या ती ओट्यावर पाय सोडून बसलेली. एक बाई तिच्या गळ्यात पडून रडत होती, आणि आत्ती तिची पाठ थोपटत होती. काही माणसं खाली मान घालून हसत होती, काही मला बघून दात-ओठ खात होती. एक म्हातारा म्हणाला, "आरं मुडद्या, जित्या आत्तीची समई लावलीस!"

मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात आत्तीनं मला बघितलं. कान गेल्यापासून ती मोठ्यानं बोलायची, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं.

"आलास का? मला वाटलंच, तूच धाडलं आसशील समद्यास्नी. बुक पोचलं म्हणायचं! समदी वाचून रडाय लागल्यात." तिनं माझ्या मागं, गाडीकडं बघितलं. "आन् बनूअक्काची काय खबर?"

मल्हारनं माझ्याकडं बघितलं. मला काहीच कळलं नाही.

"सांगितलं न्हवं तुला, शेवटचं मागनं सांगीन म्हणून," ती म्हणाली. "आता ऐकाय न्हाई यीत मला, पर बोलाय यीतंय की. समदी आल्याती, तर समद्यास्नीच सांगती. माजा बा गेला, नाथादादा गेला. भंडारा उचलल्यालं आता म्या येकलीच ऱ्हायली."

आणि तिनं सांगितलं. माणसं जागच्या जागी खाली बसली.

बनूअक्का मेली नव्हती. भिंतीखाली तिचा पाय चिरडला होता. रोज जमीन हलत होती, मेंढरं बुजून सैरावैरा पळत होती, अर्धी मेली होती. चालता न येणारी पोरगी घाटातनं न्यायची कशी? तिथल्या बंधाऱ्यावरच्या एका मजुराच्या बायकोनं तिला आपल्या पत्र्याच्या खोलीत घेतलं. बाप म्हणाला, परत येताना नेतो. बनूअक्कानं निघताना आत्तीचा हात सोडला नाही, बापानं बोटं उकलून सोडवला. जेठात परत आले तर ती खोलीच नव्हती. माणसं कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. दोन दिवस शोधलं. मग बापानं दोन्ही लेकरांच्या हातावर भंडारा ठेवला आणि म्हणाला, बनू भूकंपात मेली म्हणायचं. पोरगी टाकून आलो म्हणून जगाला सांगायचं हाय का?

"म्या म्हणलं," आत्ती म्हणाली, "दादा हाय तवर बोलायचं न्हाई. दादा गेला, तवा बिरदेवाला सांगितलं, लिव. बनूअक्का आसंल न्हाईतर तिची लेकरं आसतील, कराडला, पाटणला, चिपळूणला. कुणीतर वाचंल, तिला सांगंल, धोंडू तुजी वाट बगतीया म्हून. म्या सत्तरीला टेकली तर ती सत्तरीच्या फुडं गेली आसंल. पर आमच्यात बाया लय जगत्यात."

बायका रडत होत्या, आता खऱ्या रडत होत्या. मघाशी मला मुडद्या म्हणालेला म्हातारा माझ्याजवळ आला, डोळे पुसत म्हणाला, "बिरदेवा, लय मोटं काम केलंस रं. ह्ये समदं बुकात हाय न्हवं?"

साठ माणसं माझ्याकडं बघत होती. मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढे वाचक बघत होतो.

"हाय," मी म्हणालो.

मग काय झालं म्हणता? डिकी रिकामी झाली. दीड वर्षात जेवढी हलली नव्हती तेवढी पुस्तकं अर्ध्या तासात गेली. दादासो म्हणून आमच्यातलाच एक पाव्हणा पाटणला नोकरीला आहे. त्यानं पंधरा प्रती उचलल्या आणि म्हणाला, "कोयनानगरात घरोघर वाटतो बघ. तिथली जुनी माणसं अजून हाईत." मी त्याच्या हातातनं त्या ओढून घ्यायला पाहिजे होत्या. मी पिशवी शोधून दिली.

दुपारी माणसं पांगली. कडू घास वाया कसा घालवायचा, म्हणून सगळी जेवूनच गेली. मल्हार पाव्हण्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेला. अंगणात मी आणि आत्ती उरलो. तिच्या मांडीवर एक पुस्तक होतं, कुणीतरी दिलेलं. ती ते हातानं पुसत होती.

"बिरदेवा, हिकडं ये. बनूअक्काचं नाव कंच्या पानावर हाय? दाव मला."

मला एकच पान डोळे मिटून उघडता येत होतं. शेवटून दुसरं. मी ते काढलं. तिनं बोट लुगड्याला पुसलं आणि पुढं केलं. मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. ओळ अशी होती: बनूअक्का केव्हाच गेली होती. तिचं बोट पहिल्या शब्दावर थांबलं आणि तिथंच राहिलं.

"ह्येच?"

मी मान डोलावली. नाव तर खरंच तिचं होतं.

"झ्याक हाय," ती म्हणाली. "कुणीतर वाचून दावंल तिला. समदं नीट लिवलंस न्हवं?"

"न्हाई गं आत्ती," मी म्हणालो. तिच्यासमोर बसून, चांगलं मोठ्यानं म्हणालो. "म्या तिला मारून टाकली गं. तुला न इचारता मारून टाकली." मान मात्र हलवायचं मला सुचलं नाही, नुसतेच ओठ हलले असणार.

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून तिनं माझ्या गालावर हात ठेवला आणि हसली.

"रडू नगं. यील ती," आत्ती म्हणाली. "तेवडं पान दुमडून ठेव."

मी पान दुमडून ठेवलं.